करंड्यांची ऑर्डर आषाढात

माझ्या पुतणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि पाहुण्यांच्या हातात काय ठेवायचं यावरून घरात ज्येष्ठातच वाद सुरू झाला. भावाचं म्हणणं सरळ होतं: कोल्हापूरच्या घाऊक बाजारातून स्टीलचे डबे आणायचे, नग १४० रुपये, वर नवरा-नवरीची नावं कोरायची. पुतणी पुण्याला नोकरी करते, तिला डबे नको होते. तिनं मोबाइलवर दोन-चार दुकानं दाखवली. तिथे हाताने केलेल्या भेटवस्तू मिळतात आणि खाली लिहिलेलं असतं की तुमच्या खरेदीतून गरजू कारागिरांना आधार मिळतो. मी कुडाळला पतपेढीत हिशेब लिहिते, शिवाय लग्नाच्या बाकीच्या धावपळीत माझा फारसा उपयोग नाही असं घरच्यांचं मत आहे. त्यामुळे ‘आत्या, तूच बघ’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

फोटो सुंदर होते. सुरकुतलेले हात, चुलीपुढे टोपली विणणारी म्हातारी, मागे मातीची भिंत. पण मला जी ओळ हवी होती ती सापडेना: या ४५० रुपयांच्या डबीतले त्या म्हातारीच्या हातात किती पडतात? तिचं गाव कुठलं, नाव काय? गरज तेवढी ठळक अक्षरांत आणि माणूस बिननावाचा. एखाद्याची गरिबी दाखवून त्याची वस्तू विकायची आणि नाव सांगायचं नाही, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. एका ठिकाणी मात्र कारागिरांच्या गटाचं नाव, गाव आणि निम्मी रक्कम आगाऊ देण्याची त्यांची पद्धत नीट लिहिलेली होती. तिथे मी थांबले. निम्मी आगाऊ हा काय प्रकार, म्हणून वाचत गेले.

फेअर ट्रेड म्हणजे कारागिराला चार पैसे जास्त देणं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात जागतिक फेअर ट्रेड संघटना म्हणून एक संघटना १९८९ पासून आहे आणि तिची दहा तत्त्वं आहेत. त्यात रास्त मोबदला आहे, बालमजुरी नको हे आहे, स्त्री-पुरुषांना समान वागणूक आहे, पर्यावरण आहे. पण माझी नजर खिळली ती व्यवहाराच्या कलमावर. हस्तकलेच्या वस्तूंची ऑर्डर देताना उत्पादकानं मागितली तर किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. कारागिराची चूक नसताना ऑर्डर रद्द केली तर झालेल्या कामाचे पैसे द्यायचे. पतपेढीत बसणाऱ्या बाईला हे लगेच कळतं. लाकूड आधी घ्यावं लागतं, पैसे मागाहून येतात, आणि मधले तीन महिने कुणीतरी व्याज भरत असतं. ते कोण भरतो, यावर सगळा व्यवहार ठरतो.

दुसरी एक गोष्ट तेव्हाच कळली, तीही सांगून टाकते. चहा, कॉफी, कापूस यांच्यावर जो फेअरट्रेडचा शिक्का असतो तो वेगळ्या व्यवस्थेचा. तो शोधत आपण सावंतवाडीच्या चितारआळीत, म्हणजे लाकडी कामाच्या कारागिरांच्या गल्लीत, गेलो तर रिकाम्या हातानं परत येऊ. कुठलाही शिक्का मिळवायला तपासणी लागते, कागदपत्रं लागतात, आणि घराच्या पडवीत एक मशीन टाकून बसलेल्या माणसाला ते जमणारं नाही. म्हणून मी ठरवलं की शिक्क्याच्या मागे न लागता त्या संघटनेची कलमं आपणच पाळायची.

वस्तू काय द्यायची हे मात्र वादाशिवाय ठरलं. कुडाळपासून सावंतवाडी वीसेक किलोमीटर. तिथली लाखकामाची लाकडी भांडी, भातुकली, रंगीत पाट आणि हुबेहूब खऱ्यासारखी लाकडी फळं बघतच आम्ही वाढलो. माझ्या आईच्या लग्नातला करंडा अजून देव्हाऱ्यात आहे. लाल लाखेवर पिवळ्या रेघा, झाकणाला छोटी बोंडी. बायकांना कुंकवाचा करंडा आणि पोरांना भोवरा, असं मी सुचवलं. शिवाय निम्मे पाहुणे चाकरमानी. लग्न आटोपून तुतारी एक्स्प्रेसला बसणार. त्यांच्या पिशवीत मावेल, फुटणार नाही आणि वजनही होणार नाही, अशीच वस्तू हवी होती.

भर पावसात एसटीनं सावंतवाडीला गेले. मोती तलाव काठोकाठ भरलेला. आधी दुकानं पाहिली, कारण बाजारातला भाव माहीत नसताना कारागिराच्या घरी जाणं म्हणजे त्याला आणि स्वतःला दोघांनाही अवघडून टाकणं. साधारण मनासारखा करंडा २८० रुपयांना होता. दुकानात शेजारी शेजारी दोन तऱ्हांचा माल असतो, हे तिथे नीट बघून घेतलं. एका मालाला लाख चढवलेली असते. लेथवर लाकूड फिरत असताना लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणानं लाख वितळते आणि लाकडावर बसते, मग केवड्याच्या पातीनं घासून चकाकी आणतात. दुसऱ्या मालाला ब्रशनं किंवा फवाऱ्यानं तेलरंग मारलेला असतो. नखानं चाचपलं आणि उजेडात तिरकं धरून पाहिलं की ब्रशच्या रेघा दिसतात, लाखेवर त्या नसतात. तेलरंगाचं काम वाईट असं नाही. फळांना तोच रंग लागतो, आंब्यावरची लाली लाखेनं यायची नाही. पण दोन्हींचा भाव एक असेल तर विचारायला हवं.

काही माल तर सावंतवाडीचा नव्हताच. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी मला ओळखता येतात. तीही लाखेचीच, तीही चांगली, पण ती त्या नावानं विकली जावीत. आम्हा कोकणातल्यांना हे दुखणं नवं नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मुंबईच्या बाजारात देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघायचा तो निघतोच. सावंतवाडीच्या गंजिफाला, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांना, आणि लाकडी कामालाही अलीकडे मानांकन मिळालं आहे. ते मिळालं ते बरंच झालं. पण मानांकन सांगतं की वस्तू कुठली आणि कुठल्या पद्धतीची. ती करणाऱ्याला किती मिळाले हे ते सांगत नाही. या दोन गोष्टींची लोक फार सरमिसळ करतात.

ओळखीतून ओळख काढत एका कारागिराच्या घरी पोचले. पन्नाशीचा माणूस, पडवीत मोटरवरचा लेथ, कोपऱ्यात शिवणीच्या लाकडाचे ओंडके उभे करून ठेवलेले. घराच्या दुसऱ्या अंगाला गणपतीची शाळा. प्लास्टिकच्या कागदाखाली मातीचे गणपती ओळीनं सुकत होते, तेही पावसाळी हवेत सुकतील तेवढेच. मी ऑर्डर सांगितली, १८० करंडे आणि ६० भोवरे, लग्न मार्गशीर्षात. तो हसला आणि म्हणाला, “ताई, लोक माका तुळशीच्या लग्नानंतर येवन सांगतत, पंधरा दिसात व्हये म्हणान. तुमी आषाढात इलास, ह्या बरां केलास.”

पुढच्या तासाभरात जे कळलं ते मला कुठल्याही पानावर वाचायला मिळालं नव्हतं. मे महिन्यात पर्यटक असतात तेव्हा दुकानांना माल हवा असतो. पावसाळा सुरू झाला की दुकानं थंड. आषाढ-श्रावणात हातात येतात ते गणपतीच्या कामाचे पैसे, तेही बहुतेक चतुर्थीला मूर्ती घरी नेताना. म्हणजे माती, रंग, शाळेत मदतीला येणाऱ्या मुलांची मजुरी, हा सगळा खर्च आधी आणि जमा मागाहून. त्याच महिन्यांत पोरांच्या शाळेच्या वह्या आणि छपराची डागडुजी. मग दुकानदाराकडून उचल घ्यायची आणि ती मे महिन्यातल्या मालातून फेडायची. उचल घेतली की भाव दुकानदाराचा. यात कुणी खलनायक नाही. त्या दुकानदारालाही भाडं आहे, न खपलेला माल वर्षभर फडताळात ठेवायचा आहे. पण काही ठिकाणी ‘माल ठेवून जा, खपला की पैसे’ अशीही रीत आहे, आणि तिच्यात सगळी जोखीम लाकूड विकत घेणाऱ्याच्या डोक्यावर बसते.

सरकारी योजनांचंही विचारलं, सवयच आहे. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतार, खेळणी करणारे, टोपल्या-चटया विणणारे, काथ्याचं काम करणारे असे आमच्याकडचे बरेच जण बसतात. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत आणि पुढे ५ टक्के व्याजानं पहिलं कर्ज एक लाखापर्यंत. त्यानं नाव नोंदवलेलं होतं. म्हणाला, कर्ज घेऊन लाकूड आणता येतं, पण करंडे कुणासाठी करायचे ते आधी ठरलेलं असलं तरच. मी रोज कर्जाचे अर्ज बघते, तरी एवढ्या थोडक्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग किमतीचा विषय. त्यानं करंड्याला १६० सांगितले. दुकानाला तो १५० ला देतो आणि मी दुकान नाही म्हणून दहा वर. मला घासाघीस करायची नव्हती, पण त्यानं सांगितलेला आकडा मुकाट घ्यायचाही नव्हता. मी पिशवीतून वही काढली आणि म्हटलं, हिशेब मांडू. त्याला आधी ते आवडलं नाही. आमच्या खात्यावर बघताय की काय, असा चेहरा झाला. मी सांगितलं की मला कमी करून घ्यायचं नाही, भावाला घरी जाऊन उत्तर द्यायचं आहे. तेव्हा बसला.

लाकूड, लाख, रंग, पॉलिश पेपर, वीज, हत्यारांची झीज मिळून नगाला ५० च्या आसपास. कापणं, कातणं, झाकण बसवणं, लाख चढवणं असं सगळं धरून सरासरी दिवसाला दहा नग पुरे होतात. आमच्या भागात घरकामाला चांगला सुतार बोलावला तर हजार रुपये रोज द्यावा लागतो. लेथवर बसणारा हा माणूस त्याहून कमी कसबी नाही. म्हणजे नगाला १०० त्याची मजुरी. झाले १५०. दुकानाचा भाव इथेच संपत होता.

“आणि झाकणावरची फुलं?” मी विचारलं. फुलं त्याची बायको काढते. ती आतून चहा घेऊन आली होती. तिला विचारलं तर म्हणाली, “तेचे पैशे कसले? ता तर मी घरात बसान करतंय.” तासाला चार झाकणं होतात, भाताचं आवरलं की बसते, डोळे दुखतात म्हणून रात्री आता करत नाही. हे सगळं ती अगदी सहज सांगत होती आणि मी ५० आणि १०० च्या खाली रिकामी ओळ ठेवून ऐकत होते. ती ओळ भरायला तिनंच बराच वेळ खळखळ केली. शेवटी २५ रुपये लिहिले. तडकलेल्या, बाद होणाऱ्या नगांचे १० आणि वर त्याच्या नफ्याचे २० धरून २०५ झाले. भोवऱ्याचे ४५ त्यानं सांगितले ते तसेच ठेवले, त्यात फार काही काम दडलेलं नव्हतं.

करंड्यांचे ३६,९०० आणि भोवऱ्यांचे २,७००, एकूण ३९,६००. स्टीलचे डबे घेतले असते तर २५,२०० मध्ये भागलं असतं. भावाला फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यानं विचारलं की दुकानात २८० ला आहे तो २०५ ला पडतोय ना? मी हो म्हटलं. तो व्यापारी डोक्याचा माणूस, तेवढ्यावर त्याची समजूत पटली. कारागिराला दुकानापेक्षा ५५ जास्त मिळतात हे मी त्याला नंतर सांगितलं. जास्तीचे पैसे त्यानं पत्रिकांतून काढले. खोक्यातल्या, आत गणपती बसवलेल्या पत्रिका रद्द झाल्या आणि साध्या एका पानाच्या आल्या. त्याबद्दल मला आजवर कुणी बोल लावलेला नाही.

निम्मे पैसे, १९,८००, त्याच आठवड्यात दिले. फुलांच्या कामाची रक्कम कारागिराच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, स्वतःच्या खात्यावर टाकायची असं ठरलं. त्यांचं बचत गटाचं खातं होतंच, पण गटाच्या खात्यात कशाला, त्यांचं जनधनचं वेगळं होतं ते शोधून काढलं. पासबुकात बरेच दिवस काही नोंद नव्हती. एका कागदावर सगळं लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या: आकार, रंग दोनच (लाल आणि हिरवा), संख्या, तारीख. रंगात थोडा फरक चालेल, तडा चालणार नाही. मध्येच नक्षी बदलली तर जास्तीचे पैसे आमचे. ऑर्डर आम्ही मोडली तर तोवर झालेल्या नगांचे पूर्ण पैसे. शेवटची अट मीच घातली. ती वाचून तो गोंधळला, असं कोण लिहितं म्हणाला.

भोवऱ्यांवरून एक प्रश्न भावाच्या जावयानं काढला. तो कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं ना? त्याचं बरोबर होतं. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे. पण विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना आणि मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांना त्यातून सूट आहे. आमच्या कारागिराकडे त्या कार्यालयाचं ‘पहचान’ ओळखपत्र होतं. त्यानं ते पत्र्याच्या पेटीतून, रेशनकार्डाखालून काढून दाखवलं. ज्यांना अशा खरेदीत एक तरी अधिकृत कागद बघायचा असतो त्यांनी हेच कार्ड बघावं. त्यावर माणसाचं नाव आणि त्याची कला असते, आणि समोरची व्यक्ती कारागीर आहे की नुसती विक्रेती हे कळतं.

श्रावण-भाद्रपदात मी त्यांच्याकडे फिरकले नाही. गणपतीच्या शाळेच्या दिवसांत चितारी माणसाला फोन करणंही पाप. चतुर्थीनंतर गेले तर लाकडाचे नुसते आकार कातून पोत्यांत भरून ठेवलेले. भाऊ बरोबर होता, तो घाबरला. अजून एकही झाकण नाही! कारागिरानं एक आकार हातात दिला आणि म्हणाला, “झाकणां आता बसवलंय तर मार्गशीर्षात ढिली पडतली.” पावसाळी हवेत लाकूड पाणी धरतं, फुगतं. दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की आकसतं. म्हणून आधी ओबडधोबड कातून ठेवायचं, वाळू द्यायचं आणि झाकणाची शेवटची फिरत दिवाळीनंतर. पंधरा दिवसांत ऑर्डर पुरी करणारा हे करू शकत नाही, त्याला ओलं-सुकं जे हातात आहे ते रंगवून द्यावं लागतं. मग वर्षभरात झाकण अडकतं किंवा गळून पडतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, हाताच्या मालाचं असंच असतं. पावसात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते, तेव्हा मोटरचा लेथ बंद, हेही त्या वेळापत्रकात धरावं लागतं.

मधल्या काळात जवळच्या आठ-दहा वडीलधाऱ्यांसाठी पिंगुळीला गेले. कुडाळहून हाकेच्या अंतरावर. तिथला ठाकर समाज चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं), चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतो. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. जुन्या पोथ्यांतली चित्रं विकायची नसतात, त्यांचं मोल वेगळं. विकायला नव्यानं रंगवलेली असतात. मी रामायणातले प्रसंग घेतले आणि प्रत्येकाच्या मागे चित्रकाराचं नाव नि गाव त्याच्याच हातानं लिहून घेतलं. एका नातेवाइकानं सुचवलं होतं की सीतेच्या जागी नवरीचा चेहरा काढायला सांग. मी तो निरोप पोचवलाच नाही.

गंजिफाचा पूर्ण संच पुतणीला द्यावा असं मनात होतं. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पानं. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकी बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात ही मरू घातलेली कला पुन्हा उभी केली. तेव्हा ती जाणणारे जुने चितारी फारच थोडे उरले होते. दरबारात कलाकार आजही पानं रंगवत बसतात, जाऊन बघता येतं. हाताने रंगवलेल्या १२० पानांची किंमत हजारांत जाणारच आणि जायलाच हवी. आमच्या अंदाजपत्रकात ती बसली नाही. भाव पाडून मागण्यापेक्षा मी घेतलाच नाही. पुतणीनं पुढे कधीतरी स्वतःच्या पगारातून घ्यावा.

दिवाळीनंतर कामाला वेग आला. तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर माल घ्यायला गेलो तेव्हा पडवीत लाल आणि हिरवे ढीग होते आणि घरभर लाखेचा वास. प्रत्येक करंडा उघडून पाहिला. सात-आठांना बारीक तडे होते, ते कारागिरानं माझ्या आधीच बाजूला काढून ठेवले होते आणि त्यांच्या जागी नवे तयार होते. फुलं कुठेही एकसारखी नव्हती. सुरुवातीच्या झाकणांवरची जरा बिचकत काढलेली, पाच पाकळ्यांची. पुढची मोकळी, एकात तर चक्क सुरंगीचा वळेसर. वहिनी म्हणाल्या, पैसे मिळतायत म्हटल्यावर जरा जीव ओतला. उरलेली रक्कम तिथेच दिली. पिशव्या कुडाळच्या एका बचत गटाच्या बायकांनी उरल्यासुरल्या खणांच्या तुकड्यांच्या शिवून दिल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही, वेळेवर झाल्या.

प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाकली. तिच्यावर कारागीर पती-पत्नी दोघांची नावं, त्यांच्या परवानगीनं, आणि निगा कशी राखायची ते: पाण्यानं धुऊ नये, उन्हात वा गॅसजवळ ठेवू नये, अत्तर आणि सॅनिटायझर लागू देऊ नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पुतणीच्या एका मैत्रिणीनं लग्नातच करंडा सॅनिटायझरच्या कागदानं स्वच्छ पुसला आणि बोटं लाल करून आली, तेव्हा चिठ्ठी किती जण वाचतात याचा अंदाज आला.

पाहुण्यांनी काय म्हटलं? सगळे भारावून गेले असं लिहायला मला आवडलं असतं. आमचे एक काका मांडवातच म्हणाले, “एवढ्या पैशात स्टीलचो डबो इलो असतो, भात तरी घालूक झालो असतो.” काही करंडे खुर्च्यांवरच राहिले, ते मी गोळा केले. तरुण मुलींपैकी बऱ्याच कुंकू लावत नाहीत. त्यांनी त्यात कानातली ठेवली, एकीनं इअरफोन. भोवरे मात्र पुरले नाहीत. आर आणि जाळी घेऊन मुंबईची पोरं मांडवामागच्या अंगणात जी रमली ती जेवायला येईनात, आणि त्यांच्या वडिलांनी शिकवण्याच्या निमित्तानं भोवरे हातातून काढून घेतले.

लग्नानंतर बऱ्याच जणांनी कारागिराचा नंबर मागितला. मी त्याला विचारून दिला, पण प्रत्येकाला तीन गोष्टी सांगून: घासाघीस करायची असेल तर फोन करू नका, निम्मे पैसे आधी द्यावे लागतील, आणि दिवाळीत वा लग्नसराईत माल हवा असेल तर गणपतीच्या आधी सांगा. पहिल्या दोन अटी लोकांना लगेच पटतात. तिसरीला माणसं हसतात. एवढ्या आधी कोण ठरवतं, म्हणतात. गणपतीच्या मूर्तीचा पाट मात्र हीच माणसं दोन-दोन महिने आधी शाळेत नेऊन ठेवतात.

एप्रिलमध्ये एका मोठ्या समारंभासाठी कुणीतरी त्याच्याकडे तीनशे करंडे मागितले, पंधरा दिवसांत, भाव म्हणाल तो. त्यानं नाही म्हटलं आणि मला फोन करून सांगितलं. मी म्हटलं, अहो, एवढी मोठी ऑर्डर सोडलीत? “लाकूड सुकाक नाय, ताई. आणि हिचे डोळे. पावसात येवा म्हणान सांगलंय, दिवाळेक देतंय.” ते येणार का, विचारलं. म्हणाला, निम्मे पैसे पाठवले त्यांनी कालच.